बाळंतपण पुण्यात, आजी राहुरीची

राहुरी : पूर्वी लेक बाळंतपणासाठी माहेरी येत असे, आता माहेरच लेकीकडे जाते. राहुरीच्या बसस्थानकावर पुण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या साठीतल्या जोडप्याच्या सामानावरून प्रवासाचे कारण ओळखता येते. पिशवीत डिंक, अळीव, खारीक, खोबरे, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी आणि आजोबांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुपाचा डबा. जाण्याचा दिवस ठरलेला असतो. परतण्याचा दिवस विचारला, तर बहुतेकांकडे उत्तर नसते.

नातवंडाच्या आगमनानंतर आजी-आजोबांनी मदतीला धावून जाणे यात नवे काही नाही. नवे आहे ते या मदतीचे ठिकाण आणि तिची मुदत. ठिकाण राहुरीहून पुणे, मुंबई, बंगळूर किंवा परदेशात गेले आहे आणि सव्वा महिन्याची मुदत अडीच-तीन वर्षांवर पोहोचली आहे. कुटुंबात याविषयी फारसे बोलले जात नाही. नातवंड म्हणजे दुधावरची साय, मग तिच्यासाठी हिशेब कसला मांडायचा, अशी भावना असते. परंतु हिशेब न मांडल्यामुळे दोन पिढ्यांत जे अवघडलेपण निर्माण होते, त्याचा भार शेवटी आजीच्या गुडघ्यांवर आणि लेकीच्या मनावर पडतो. म्हणून तो एकदा मांडून पाहिला पाहिजे.

जुन्या व्यवस्थेची चौकट

आपल्याकडील परंपरेत पहिले बाळंतपण माहेरी होत असे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला आणले जाई. प्रसूतीनंतर पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, बाराव्या दिवसाच्या सुमारास बारसे, सव्वा महिन्यानंतर देवदर्शन आणि मग सोयीने बाळंतविडा देऊन लेकीची व बाळाची पाठवणी, असा क्रम असे. या रिवाजात दोष पुष्कळ होते. काही जिवावर बेतणारे होते आणि त्यांचा उल्लेख पुढे येणारच आहे. तथापि आजीच्या दृष्टीने पाहिले, तर या व्यवस्थेत तीन गोष्टी स्पष्ट होत्या.

पहिली, ठिकाण तिचे स्वतःचे होते. स्वयंपाकघर तिचे, चूल तिची, शेजारणी तिच्या. घरात सून असे, धाकटी जाऊ असे, बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्यासाठी गावातली अनुभवी बाई येत असे. आजी एकटीच सगळे करीत नव्हती. ती देखरेख करीत होती. दुसरी, अधिकार तिचा होता. बाळंतिणीने काय खावे, केव्हा निजावे, भेटायला आलेल्यांना किती वेळ बसू द्यावे, हे तिच्या शब्दावर ठरे. आणि तिसरी, या कामाला शेवट होता. बाळंतविडा दिला की आजी मोकळी होई आणि पेरणी, काढणी, गुरे-ढोरे यांच्याकडे परत वळे.

आज पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत राहुरीची आजी दाखल होते तेव्हा या तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात. स्वयंपाकघर लेकीचे किंवा सुनेचे असते. अधिकार बालरोगतज्ज्ञांचा आणि मोबाइलवरील माहितीचा असतो. आणि शेवट कोणीच सांगितलेला नसतो.

लेक माहेरी का येत नाही, याची कारणे व्यावहारिक आहेत. गरोदरपणाची नोंदणी आणि तपासण्या एका रुग्णालयात झालेल्या असतात, विमा तेथील असतो, पतीची नोकरी त्याच शहरात असते आणि अपत्यजन्माच्या वेळी आपण जवळ असावे असे आजच्या पित्यालाही वाटते. राहुरी ते पुणे हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर. नगर, शिरूरमार्गे चार-पाच तासांचा प्रवास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात झाल्या आणि साधारण चारपैकी एक प्रसूती शस्त्रक्रियेने झाली. टाके घातलेल्या बाळंतिणीला पहिले काही आठवडे जड वस्तू उचलण्यास मनाई असते. अशा वेळी घरात आणखी दोन हात लागतातच.

राहुरीत हे चित्र अधिक ठळक दिसते. १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि शिकलेल्या, नोकरदार कुटुंबांची एक मोठी वसाहत येथे वाढली. साखर कारखानदारी, सहकारी संस्था आणि मुळा धरणाच्या पाण्यावर उभी राहिलेली बागायत यांमुळे आसपासच्या गावांतील मुला-मुलींनाही उच्च शिक्षण घेता आले. ही पिढी शिकून बाहेर पडली ती पुणे, मुंबईकडे, काही अमेरिकेकडे. मागे राहिलेले आई-वडील आता निवृत्तीच्या वयात आहेत. नातवंडे मात्र दुसऱ्या गावात जन्मतात.

रजेचे गणित

मदतीची मुदत का वाढली, याचे उत्तर भावनेत शोधण्यापेक्षा कायद्यात शोधणे अधिक उपयोगाचे आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. यापैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन अपत्ये हयात असतील तर रजा १२ आठवड्यांचीच मिळते. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आठवड्यांची संख्या मात्र तीच राहिली. पित्याच्या बाबतीत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीतील पित्यासाठी असा कायदा नाही. मालकाच्या मर्जीवर सारे अवलंबून असते.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. राहुरीच्या एका निवृत्त जोडप्याची लेक हिंजवडीत नोकरी करते. बाळाचा जन्म १ जून रोजी अपेक्षित आहे. ती त्याआधी चार आठवडे, म्हणजे ४ मेपासून रजेवर जाते. २६ आठवडे मोजले की २ नोव्हेंबर रोजी तिला कामावर हजर व्हावे लागते. त्या दिवशी बाळ पाच महिन्यांचे झालेले असते. बाळाला सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचेच दूध द्यावे, पाणीदेखील देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रजा संपते तेव्हा हा काळ संपायला अजून एक महिना बाकी असतो.

या महिन्यात आजीला एक काम नव्याने शिकावे लागते. आईने काढून ठेवलेले दूध सामान्य तापमानाला साधारण चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चांगले राहते. ते गॅसवर उकळायचे नसते. कोमट पाण्यात भांडे ठेवून त्याचा गारवा घालवायचा आणि स्वच्छ वाटी-चमच्याने पाजायचे. ज्या आजीने आयुष्यभर दूध उकळल्याशिवाय घरात घेतले नाही, तिला हे पटायला वेळ लागतो, हे समजण्यासारखे आहे.

पुढचे गणित यापेक्षा मोठे आहे. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची तीन वर्षे पूर्ण असावी लागतात. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षणही तीन ते सहा या वयोगटासाठीच आहे. त्यापेक्षा लहान मुलांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो, पण दिवसभर सांभाळण्याची सोय तेथे नसते. म्हणजे आमच्या उदाहरणातील बाळ पाच महिन्यांचे असल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत, तब्बल ३१ महिने, त्याची दिवसभराची काळजी घेणारी कोणतीही व्यवस्था शाळेच्या अथवा अंगणवाडीच्या रूपाने उपलब्ध नाही.

याच कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन बाळाला भेटण्याचा हक्क दिला आहे. शिवाय मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा स्तनपानासाठी सुटी मिळू शकते. परंतु कार्यालय घरापासून तासाभराच्या अंतरावर असेल, तर पाच महिन्यांच्या बाळाला पुण्याच्या वाहतुकीतून रोज नेणार कोण? खासगी पाळणाघरे आहेत. त्यांचा दर्जा सारखा नाही आणि आजारी मुलाला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दुकानांत वा कचेऱ्यांत काम करणाऱ्या अनेकींना तर रजेच्या कायद्याचाच लाभ मिळत नाही. हे ३१ महिने भरून काढण्याचे काम आपल्या समाजाने कोणताही गाजावाजा न करता आजी-आजोबांकडे सोपविले आहे. सरकारी दफ्तरात त्याची कोठे नोंद नाही.

पाळी केवळ मध्यमवर्गावर आलेली नाही

हा प्रश्न हिंजवडीपुरता आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राहुरी, श्रीरामपूर, राहाता, नेवासे या मुळा-प्रवरेच्या उसाच्या पट्ट्यात फिरून यावे. बीड जिल्ह्यातून आणि आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोड कामगार येथे येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल त्या जोडीला दिलेली असते. त्यामुळे बाईला घरी थांबता येत नाही. अंगावर पिणारे मूल ती फडात बरोबर आणते. त्याहून थोडी मोठी मुले गावाकडे आजी-आजोबांपाशी राहतात. हंगाम चार ते सहा महिने चालतो. या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली, तरी पाच वर्षांखालच्या मुलांचा सांभाळ मुख्यतः आजीच करते.

दोन्ही घरांतील फरक डोळ्यांत भरणारा आहे. पुण्यातील आजी नातवंडाकडे जाते, पाथर्डीच्या आजीकडे नातवंड ठेवून आई-वडील जातात. पहिलीला निदान मुलीचा पगार आणि दवाखाना जवळ असतो. दुसरीकडे मूल तापाने फणफणले, तर वाहन मिळविण्यापासून तयारी करावी लागते.

आजी जवळ असल्याने काय होते?

आजीची मदत मोलाची असते, हे सांगायला संशोधन कशाला हवे, असे कोणी म्हणेल. तरीही शास्त्रज्ञांनी याचा विचार केला आहे आणि तो मनोरंजक आहे. अपत्यजन्माचे वय संपल्यानंतरही स्त्री अनेक दशके का जगते, हा जीवशास्त्रातील जुना प्रश्न. टांझानियातील हाडझा जमातीत वृद्ध स्त्रिया कंदमुळे खणून नातवंडांना खाऊ घालतात, हे क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले आणि त्यातून ‘आजी सिद्धांत’ पुढे आला. २००४ मध्ये फिनलंड आणि कॅनडातील जुन्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पन्नाशीनंतर आजी जितकी दशके जगली, त्या प्रत्येक दशकामागे तिला सरासरी दोन नातवंडे अधिक लाभली.

आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत ते २०१९ मधील दोन अभ्यास. कॅनडातील सतराव्या-अठराव्या शतकांतील चर्चच्या नोंदींवरून असे दिसले, की आजीचे घर लेकीच्या घरापासून जसजसे लांब, तसतसा तिचा हा लाभ घटत जातो. फिनलंडमधील अभ्यासात आईच्या आईचे वय ५० ते ७५ असताना लहान मुले जगण्याचे प्रमाण वाढलेले दिसले; वय आणखी वाढल्यावर तो लाभ दिसेनासा झाला. आजी जवळ हवी आणि ती धडधाकट हवी, एवढा बोध दोन्हींतून होतो. राहुरीच्या बसमध्ये बसलेल्या आजीचे वय आणि तिचे दुखरे गुडघे पाहता दुसरी अट आपण सहसा विसरतो.

घासाघीस होते ती येथे

नव्या घरात पहिला खटका बहुधा बाळाच्या जन्मानंतर काही तासांतच उडतो. आजीला मध चाटवायचा असतो; डॉक्टरांनी बजावलेले असते की काहीही चाटवू नका. हा वाद ‘जुने विरुद्ध नवे’ असा रंगविला जातो, पण प्रत्यक्षात प्रत्येक गोष्टीचा वेगळा निवाडा करावा लागतो.

मध, गूळपाणी, गुटी या गोष्टी सहा महिन्यांच्या आत नकोतच. मधात एका विशिष्ट जिवाणूची बीजे असू शकतात; वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती रुजून स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून वर्षभर मध वर्ज्य. आईचा पहिला पिवळसर चीक जड असतो, तो पिळून टाकावा, ही समजूत तर सर्वांत घातक. त्या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात आणि जन्मानंतर पहिल्या तासातच तो बाळाला मिळायला हवा. काजळात शिसे असण्याचा धोका असतो. कानात-नाकात तेल सोडणे, नाळेवर हळद किंवा राख लावणे, हे संसर्गाला आमंत्रण. दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधल्याने खुब्याच्या सांध्याच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. दारे-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवणे आणि ओवा-शेपांची धुरी देणे, या रिवाजामागे ऊब देण्याचा हेतू चांगला. पण बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून विषारी वायू निघतो आणि धुराने नवजात बाळाची श्वासनलिका चुरचुरते. उबेसाठी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणे हा त्याहून उत्तम उपाय आहे. तो आजोबाही करू शकतात, याचे अनेकांना नवल वाटते.

दुसरीकडे, आजीच्या पोतडीतील पुष्कळ गोष्टी आजचे वैद्यकही उचलून धरते. हलक्या हाताने तेल चोळणे, अंगाई म्हणणे, बाळाशी सतत बोलणे, आईला भरपूर व सकस आहार देणे, पाहुण्यांची गर्दी रोखणे, या साऱ्यांत आक्षेपार्ह काही नाही. भेटायला येणाऱ्यांना दारातून परत पाठविण्याचा जुन्या आजीचा कठोरपणा तर संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने आजही उपयोगी आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, भाज्या-फळे देऊ नयेत, हे मात्र चुकीचे. दूध येण्यासाठी तिला नेहमीपेक्षा अधिक द्रव हवा असतो. सहा महिन्यांनंतर उष्टावण झाले की आजीचे राज्य पुन्हा सुरू होते. मऊ वरण-भात, नाचणीचे सत्त्व, तुपाचा थेंब, कुस्करलेले केळे, हे कोणत्याही डबाबंद खाद्यापेक्षा सरस. पहिल्या वर्षात त्यात मीठ-साखर घालण्याचा मोह तेवढा आवरायचा.

या संघर्षाचा इतिहास जुना आहे. आनंदीबाई जोशी यांचे चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. घरातील जुन्या ज्ञानाचा त्यांनी अभ्यासाचा विषय केला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनेही घरातच उत्तर शोधले. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसविली आणि प्रयोगातील गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी भेट देते. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ही भेट अपेक्षित असते. या भेटीच्या वेळी आजीने बाजूला न सरता समोर बसावे, कारण दिवसाचे सर्वाधिक तास बाळ तिच्या नजरेखाली असते. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले आहे किंवा तापले आहे, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा श्वास घेते, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला आहे, झटके येतात, नाळेतून पू येतो, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

आणखी एक गोष्ट आजीलाच आधी दिसते. बाळंतीण रात्रंदिवस रडते, बाळाकडे पाहत नाही, जेवत नाही, आपल्या हातून काही होणार नाही असे म्हणते. पहिल्या आठवड्यातील हळवेपणा बहुधा आपोआप ओसरतो. दोन आठवड्यांनंतरही तो टिकला तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘आम्ही नाही का मुलं वाढवली’ हे वाक्य आजीने त्या काळापुरते तरी गिळून टाकावे.

आजीचे स्वतःचे काय?

बाळाच्या लसीकरणाचे कार्ड प्रत्येक घरात जपून ठेवलेले असते. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र राहुरीच्या घरी कपाटात राहिलेली असते. नातवंड सांभाळायला निघण्यापूर्वी आजी-आजोबांनी स्वतःची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयाची तपासणी आधी, बाळाला कुशीत घेणे नंतर. आजीची मिश्री आणि आजोबांची विडी यांबाबतही संकोच सोडून बोलावे लागते. धूर कपड्यांतूनही बाळापर्यंत पोहोचतो. पाय पसरून, त्यांवर बाळ घेऊन न्हाऊ घालण्याची पद्धत सुरेख खरी, पण पासष्टीनंतर जमिनीवरून उठताना तिची किंमत कळते. बाळाला वारंवार उचलल्याने अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखू लागते. हे दुखणे तरुण आईला होते, तसेच आजीलाही. वय ७० च्या पुढे असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी वयवंदना कार्ड काढता येते आणि ते देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालते. राहुरीचे कार्ड पुण्यात उपयोगी पडते.

प्रवासाच्या बाबतीत एसटीने दिलासा दिला आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. या सवलतीचा एक उपयोग असा, की आजी महिन्यातून एकदा घरी येऊन जाऊ शकते. तसे ती क्वचितच करते. कारण तिच्या पाठीमागे बाळाला कोण पाहणार, हा प्रश्न सुटलेला नसतो.

आणि घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. दारची गाय, वाट्याने दिलेली जमीन, भिशीच्या मैत्रिणी, हरिपाठ, सकाळच्या फिरण्यातले सोबती, हे सगळे राहुरीत असते. पुष्कळदा आजी एकटीच जाते आणि आजोबा मागे राहतात. वयाच्या सत्तरीत ते पहिल्यांदा कुकर लावायला शिकतात. यात गंमत आहे, पण मधुमेह असलेल्या गृहस्थाने सहा महिने पाव-बिस्किटांवर काढले तर गंमत राहत नाही. आजोबा बरोबर गेले, तर दोन खोल्यांत दिवस कसा काढायचा हा त्यांचा प्रश्न. ज्यांनी बाळाची दुपटी बदलायला, त्याला बागेत फिरवायला, लसीकरणाच्या तारखा सांभाळायला सुरुवात केली, त्यांना तो कमी पडतो.

आमच्या उदाहरणातील लेक २ नोव्हेंबरला कामावर हजर होते. नोव्हेंबर हाच निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी त्यासाठी गावी बँकेत किंवा कोषागारात जावे लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ सेवेमुळे तो आता आधारच्या साह्याने पुण्यातूनही देता येतो. जावयाने मोबाइलवर पंधरा मिनिटे खर्च केली, तर सासऱ्यांची एक फेरी वाचते.

पैशाचा विषय सर्वांत नाजूक. निवृत्तिवेतनातून आजोबा भाजी आणतात, बाळासाठी झबली आणतात आणि हळूहळू घरखर्चाचा एक भाग न बोलता त्यांच्याकडे येतो. मुलांनी आपण होऊन दरमहा काही रक्कम आईच्या खात्यात भरावी आणि वरकामाला बाई ठेवावी, असे या वार्ताहराचे मत आहे. आजीने बाळ पाहायचे ठरले असेल, तर भांडी, धुणे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यातच गृहीत धरता येणार नाही.

परदेशातील सहा महिने

नातवंड अमेरिकेत असेल तर मुदत आपोआप ठरते. तेथे पर्यटक म्हणून जाणाऱ्या आई-वडिलांना सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचा मुक्काम नव्हे. परतण्याची तारीख विमानतळावरील प्रवेशाच्या नोंदीत ठरते आणि ती पाहून ठेवावी लागते. त्यामुळे मराठी कुटुंबांत पाळ्या लागतात. पहिले सहा महिने लेकीचे आई-वडील, नंतर सासरचे. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आई-वडील व आजी-आजोबांसाठी खास व्हिसा सुरू केला आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र आरोग्य विमा सक्तीचा आहे. अमेरिकेत विम्याची सक्ती नसली, तरी तेथील रुग्णालयाचे बिल पाहता विम्याशिवाय जाणे म्हणजे साहस. इकडून नेलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. हिवाळ्यात चार वाजता पडणारा अंधार, गाडीशिवाय घराबाहेर न पडता येणे, यांची कल्पना आधी दिलेली बरी.

एक गोष्ट मात्र या सक्तीच्या मुदतीने साधते. परतीचे तिकीट आधीच काढलेले असल्यामुळे आजीला ‘मी आता जाते’ हे वाक्य उच्चारावे लागत नाही. पुण्यातील आजीला ते उच्चारावे लागते आणि तेच तिला सर्वांत जड जाते.

स्वीडनने १ जुलै २०२४ पासून आई-वडिलांच्या पगारी रजेतील प्रत्येकी ४५ दिवस आजी-आजोबांसह दुसऱ्या कोणाकडेही वळविण्याची मुभा दिली. आजीच्या श्रमाची सरकारी दफ्तरात नोंद झाली, तिला त्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे असे काही नजीकच्या काळात होईल असे दिसत नाही. पाळणाघरांसाठी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे; तिची व्याप्ती वाढली, तर ऊसतोड मजुरांच्या घरांना तिचा खरा उपयोग होईल.

तोवर जे ठरवायचे ते घरातच ठरवावे लागणार आहे आणि त्यासाठी योग्य वेळ बाळ येण्यापूर्वीची, सातव्या महिन्यातली. ओटी भरायला दोन्हीकडची मंडळी जमतातच. व्याही-विहीण समोरासमोर असताना कोणी कोणत्या महिन्यात यायचे, आजोबांच्या जेवणाची राहुरीत सोय काय, बाळाच्या बाबतीत वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, रात्री बाळ रडले तर उठायचे कोणी, आठवड्यातील कोणता दिवस आजीच्या सुटीचा, हे विचारून घेता येते. काही घरांत दोन्ही आज्या तीन-तीन महिने वाटून घेतात, काही ठिकाणी वर्षानंतर अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी अशी तोड निघते. एखादी आजी स्पष्ट सांगते की माझ्याने पहिले तीन महिनेच होईल. तिला स्वार्थी ठरविण्यापूर्वी तिच्या गुडघ्यांचे क्ष-किरण छायाचित्र पाहावे.

दिवाळीच्या सुटीत हीच बस उलट दिशेने येते. बाळ, त्याची आई आणि आजी राहुरीला उतरतात. बाळाला चार दिवसांत गाय दाखवून होते आणि अंगणातल्या मातीची चव घेऊन होते. मग सामान पुन्हा बांधले जाते, आणि या वेळी आजीची पिशवी त्यात आहे की नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते किंवा नसते.